काठिण्य, असुर आणि शेवट : पुण्यातील 'राजी'च्या निमित्ताने कठीण अद्भुतकथात्मक व्हिडिओ गेमचा तौलनिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने निर्माण केलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विच या यंत्रावर प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला तो संगणक, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांवरही उपलब्ध झाला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट कृतीसाठी ज्या पाच कृतींचे नामांकन झाले, त्यांत 'राजी'चा समावेश होता. पहाडी लघुचित्रांच्या वळणाची रंगयोजना, राजस्थानी वास्तूंची आठवण करून देणारे प्रासाद आणि छायाबाहुल्यांच्या पद्धतीने सांगितलेले कथाभाग यांची समीक्षकांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली. लढतींविषयी मात्र मतभेद झाले, आणि शेवट अकस्मात येतो अशी तक्रार अनेकांनी नोंदविली.

हे दोन आक्षेप सामान्यतः स्वतंत्र मानले जातात. लढत ही हस्तकौशल्याची बाब आणि शेवट ही कथालेखनाची बाब, असा त्यामागील समज दिसतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. कठीण अद्भुतकथात्मक खेळांत काठिण्य, प्रतिनायक (खेळाडूंच्या बोलीत 'बॉस') आणि शेवट ही एकाच रचनेची तीन अंगे होत. खेळ खेळणाऱ्याकडून ज्या जातीचे श्रम घेतो, त्याच जातीचे उत्तर शेवटाने दिले तर तो शेवट पटतो. न दिले तर तो कितीही नेत्रदीपक असला तरी तुटक भासतो. हे प्रमेय तपासण्यासाठी प्रथम या खेळांच्या काठिण्याचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. त्यानंतर जपानी व चिनी उदाहरणांची तुलना महाराष्ट्राला परिचित असलेल्या असुरकथांशी करता येईल.

२. काठिण्याची पूर्वपीठिका

व्हिडिओ गेममधील काठिण्याचा उगम अंशतः आर्थिक आहे. १९७० नंतरच्या दशकात खेळयंत्रे दुकानांतून व करमणूकगृहांतून मांडली जात आणि नाणे टाकल्यावर खेळ सुरू होई. खेळणारा लवकर हरला तरच पुढचे नाणे पडणार, हे उघड होते. १९७८ मधील 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रूंची संख्या घटत जाते तसतसा त्यांचा वेग वाढतो. या खेळाला कथात्म शेवट नव्हता. पराभव हाच शेवट होता.

दुसरा प्रवाह कागद, पेन्सिल आणि फासे यांचा. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका घेऊन खेळण्याचा खेळ प्रसिद्ध झाला. अल्पावधीतच त्याचे अनुकरण प्लेटो या शैक्षणिक संगणकजाळ्यावर झाले. १९७५ च्या सुमारास तेथे रचल्या गेलेल्या 'डीएनडी' या खेळात भुयाराच्या अंती एक सोनेरी ड्रॅगन मौल्यवान गोलकाचे रक्षण करीत असे. बॉसचे आद्य उदाहरण म्हणून बहुधा त्याचाच निर्देश होतो. येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. काठिण्य आतापर्यंत सर्वत्र सारखे पसरलेले होते. ते एका व्यक्तिरेखेत एकवटले. या रक्षकाला ओलांडणे म्हणजे खेळाच्या अर्थापर्यंत पोहोचणे, हे समीकरण तेव्हापासून रूढ झाले.

हे दोन्ही प्रवाह जपानमध्ये एकत्र आले. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने १९९४ मध्ये 'किंग्ज फील्ड' हा संथ, अंधारा व निर्दय खेळ प्रसिद्ध केला. त्याच परंपरेत २००९ मध्ये हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली 'डीमन्स सोल्स' आणि २०११ मध्ये 'डार्क सोल्स' अवतरले. या खेळांत मृत्यूचा अर्थ बदलला. खेळणारा मेला की त्याने मिळविलेली संपत्ती मृत्यूच्या जागी पडून राहते. तेथपर्यंत पुन्हा पोहोचला तर ती परत मिळते. वाटेत दुसऱ्यांदा मेला तर कायमची जाते. 'डार्क सोल्स'मध्ये शेकोटीजवळ विसावा घेतल्यास जखमा भरतात, परंतु मारलेले बहुतेक शत्रूही पुन्हा उभे राहतात. विश्रांतीचीही किंमत मोजावी लागते, हा नियम खेळाच्या जगाचाच भाग बनतो.

नाण्याच्या यंत्रातील मृत्यू खेळणाऱ्याला बाहेर काढीत होता, तर 'डार्क सोल्स'मधील मृत्यू त्याला पुन्हा आत, त्याच वाटेवर पाठवतो. काठिण्याचे प्रयोजन येथे बदलले, आणि म्हणूनच पुढील तुलना शक्य होते.

३. कूटकाठिण्य आणि अभ्यासकाठिण्य

पुराणांतील असुरवधांकडे या दृष्टीने पाहिल्यास एक भेद चटकन लक्षात येतो. पुराणांतील असुराचे सामर्थ्य बहुधा वरदानावर उभे असते. हिरण्यकशिपूला दिवसा वा रात्री, घरात वा बाहेर, मनुष्याकडून वा पशूकडून मरण नाही. नृसिंह त्याला संध्यासमयी, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन नखांनी विदारतो. महिषासुराने पुरुषाच्या हातून येणाऱ्या मृत्यूपासून अभय मिळविले. स्त्रीचा विचार त्याने केला नाही. मार्कंडेयपुराणातील देवीमाहात्म्यात रक्तबीजाची कथा आहे. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडताच त्याच्याइतकाच बलाढ्य दुसरा असुर उत्पन्न होतो. जितका प्रहार जोरदार, तितकी शत्रुसंख्या अधिक. चंडिका प्रहार करते आणि काली रक्त भूमीवर पडण्यापूर्वीच प्राशन करते, तेव्हाच त्याचा अंत होतो.

या सर्व कथांतील अडचण बळाची नाही, नियमाची आहे. वर हे एक कूट आहे, आणि त्यातील फट सापडली की असुर एकदाच आणि कायमचा मरतो. यास कूटकाठिण्य म्हणता येईल. याउलट 'डार्क सोल्स'च्या परंपरेत शत्रूची चाल समजणे पुरेसे नसते. ती हातात भिनावी लागते. कोणत्या क्षणी ढाल उचलावी, कोणत्या क्षणी बाजूला लोळावे, हे दहाव्या, विसाव्या प्रयत्नानंतर अंगवळणी पडते. यास अभ्यासकाठिण्य म्हणावे. पुराणात मरतो तो असुर; या खेळांत आधी मरतो तो खेळणारा.

हा भेद आत्यंतिक मात्र नाही. २०१९ मधील 'सेकिरो : शॅडोज डाय ट्वाइस' या फ्रॉमसॉफ्टवेअरच्याच खेळात एका महाकाय वानराशी गाठ पडते. त्याचा शिरच्छेद होतो, लढत संपली असे वाटते, आणि ते धड उठून आपलेच मस्तक हाती घेऊन पुन्हा चाल करून येते. त्याला कायमचे मारण्यास अमरांचाही अंत करणारे विशिष्ट खड्गच लागते. २०२२ मधील 'एल्डन रिंग'मध्ये मलेनिया नावाची योद्धी आहे. तिचा प्रत्येक घाव खेळणाऱ्याला लागला की तिची स्वतःची जखम भरते, घाव ढालीवर घेतला तरीही. ढालीआड उभे राहण्याची पूर्वीची सवय येथे घातक ठरते. रक्तबीज प्रहार झेलून वाढतो, मलेनिया प्रहार करून वाढते. दोहोंचा नियम एकाच कुळातला आहे. तथापि रक्तबीजाच्या कथेत नियम उमगणे हाच विजय, तर मलेनियापुढे नियम उमगल्यावर खऱ्या अभ्यासाला आरंभ होतो.

४. प्रतिनायकाची योग्यता

बॉस ही केवळ मोठी अडचण असेल तर तो विसरला जातो. स्मरणात राहणारा बॉस खेळणाऱ्याच्या श्रमांना प्रश्न विचारतो. 'डार्क सोल्स'चा अंतिम प्रतिनायक ग्विन हा एके काळचा प्रकाशाधिपती. संपूर्ण खेळभर त्याचा महिमा ऐकू येतो. प्रत्यक्षात समोर येतो तो विझत चाललेल्या अग्नीपाशी उरलेला, भान हरपलेला वृद्ध. पार्श्वसंगीतात रणवाद्ये नसतात. पियानोचे मोजके, विषण्ण स्वर असतात. त्याचे वार योग्य क्षणी परतवण्याची कला आत्मसात केलेल्या खेळाडूला तो फारसा कठीणही वाटत नाही. इतक्या परिश्रमांचे फळ म्हणून करुणेचा विषय समोर यावा, ही योजना हेतुपूर्वक आहे. त्याच खेळातील सिफ हा लांडगा आपल्या मृत स्वामीच्या समाधीचे रक्षण करतो, आणि मरणोन्मुख झाला की लंगडू लागतो. त्या अवस्थेत त्याच्यावर घाव घालणे हस्तकौशल्याच्या दृष्टीने सोपे आणि मनाच्या दृष्टीने अवघड होते.

प्रतिनायकाविषयीची ही द्विधा भावना महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्याजवळील जेजुरीचा खंडोबा मणी व मल्ल या असुरबंधूंशी सहा दिवस युद्ध करतो, आणि त्याची स्मृती मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला साजरी होते. मल्हारीमाहात्म्यातील कथेनुसार पराभूत मणी शरण येतो, आपला शुभ्र अश्व देवाला अर्पण करतो आणि देवाच्या सान्निध्यात स्थान मागतो. ते त्याला मिळते. मल्ल मरतानाही जगाचा विनाशच मागतो, आणि त्याचा शिरच्छेद होतो. एकाच युद्धातून दोन असुरांच्या दोन गती निष्पन्न होतात. भक्ताला मणीचेही दर्शन घडते, आणि मल्लाचे नाव देवाच्या 'मल्हारी' या नावातच राहते. प्रतिनायकाला शेवटी काय मागावेसे वाटते, यावर त्याची योग्यता ठरविणारी ही कथा आहे.

५. शेवटांचे अनेकत्व

अनेक शेवट ही संगणकयुगाची देणगी मानली जाते. खेळाच्या इतिहासात मात्र शेवटाचा प्रश्न बराच जुना आहे. ज्ञान चौपड या सापशिडीच्या पूर्वजाचा बहात्तर घरांचा वैष्णव पट पाहिल्यास असे दिसते की अंतिम साध्य असलेले वैकुंठाचे घर शेवटचे नसून अडुसष्टावे आहे. त्या घरी नेमके थांबता आले नाही तर खेळणारा पुढे जातो, आणि बहात्तराव्या घरी तमोगुणाचा साप त्याला खाली, पृथ्वीच्या घरात आणून सोडतो. अंतापर्यंत जाणे आणि मुक्त होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तो पट घरांच्या मांडणीतूनच शिकवतो.

महाराष्ट्रात या खेळाचे मोक्षपट हे रूप परिचित असून त्याची रचना ज्ञानदेवांनी केली अशी परंपरा आहे. समकालीन पुराव्याचा आधार तिला मिळालेला नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हस्तलिखित-संग्रहातील मोक्षपटांकडे वा. ल. मंजूळ यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यांवर पन्नास घरे असून जन्मापासून मोक्षापर्यंतचा प्रवास कवड्यांच्या दानाने करावयाचा असतो, आणि साप हे षड्रिपूंचे प्रतीक असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेल्यावर या खेळाचे तत्त्वज्ञान क्षीण होत गेले. शेवटचे घर हे केवळ शर्यतीचे टोक उरले.

कठीण व्हिडिओ गेममध्ये हा हरवलेला अर्थ वेगळ्या वाटेने परत आलेला दिसतो. 'डार्क सोल्स'मध्ये ग्विनच्या वधानंतर खेळणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. स्वतःची आहुती देऊन अग्नी पुन्हा प्रज्वलित करावा, अथवा पाठ फिरवून अंधाराचे युग येऊ द्यावे. संपूर्ण खेळात शेकोट्या पेटवीत, पुन्हा पुन्हा मरत, त्याच वाटा तुडवीत आलेल्या माणसाला विचारलेला हा प्रश्न आहे : हे चक्र चालू ठेवायचे काय? 'सेकिरो'मध्ये चार शेवट आहेत. नायक मरूनही उठू शकतो, आणि त्या पुनरुत्थानाचा भार इतरांवर रोगाच्या रूपाने पडतो. साहजिकच मुख्य शेवटांचा विषय अमरत्वाचा उच्छेद कोणी व कोणत्या मोलाने करावा हाच आहे. पालक पित्याची आज्ञा निमूटपणे मानल्यास खेळ बराच आधी संपतो आणि नायक रक्तपिपासू होतो. आज्ञापालनाचा सोपा मार्ग येथे लवकर व वाईट शेवटाकडे नेतो.

२०२४ मध्ये चीनमधील गेम सायन्स या संस्थेने 'पश्चिमेची यात्रा' या अभिजात कादंबरीच्या आधारे 'ब्लॅक मिथ : वुकाँग' प्रसिद्ध केला. त्याच्या सामान्य शेवटी नायकाच्या मस्तकावर वानरराजाला जखडणारे तेच जुने वलय चढते. परंतु गुप्त वाटेने जाऊन अर्लांग या अत्यंत कठीण प्रतिस्पर्ध्याला जिंकणाऱ्यास दुसरा शेवट लाभतो, आणि त्यात ते बंधन टळते. अधिक काठिण्य आणि अधिक मुक्ती यांची सांगड येथे उघडपणे घातलेली आहे.

देवीमाहात्म्याचा उपसंहारही या संदर्भात अभ्यसनीय आहे. राज्य गमावलेला सुरथ राजा आणि स्वकीयांनी घालवून दिलेला समाधी वैश्य हे दोघे एकच कथा ऐकतात व एकच आराधना करतात. देवी प्रसन्न झाल्यावर राजा राज्य मागतो, वैश्य ज्ञान मागतो. दोघांनाही इच्छित मिळते. श्रम समान, फल भिन्न, आणि ते भिन्नत्व मागणाऱ्याच्या अंतरंगातून आलेले. पोथीच्या अंती फलश्रुती असते ती याच जाणिवेने की श्रवणाचे श्रम कशासाठी होते, हे श्रोत्याला कळले पाहिजे.

६. 'राजी'ची रचना

या पार्श्वभूमीवर 'राजी'कडे वळता येईल. काटेकोर व्याख्येत हा भूमिकाप्रधान खेळ नव्हे. त्यास साहसप्रधान म्हणणे योग्य. त्याची सामग्री मात्र येथे चर्चिलेल्या कुळातीलच आहे. देव-दानवांच्या महायुद्धानंतर हजार वर्षांनी असुर परततात आणि मुलांना पळवून नेतात. ऐन रक्षाबंधनाच्या वेळी राजीचा धाकटा भाऊ गोलू याचे हरण होते. डोंबाऱ्याप्रमाणे कसरती करणारी ही मुलगी दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन महाबलासुराच्या शोधात निघते. निवेदन दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून होते.

येथे राखीच्या सणाची निवड अर्थपूर्ण आहे. रक्षणाचे वचन रूढीने भावाकडून अपेक्षित असते. ते येथे बहीण निभावते. महिषासुराच्या वरातील फट स्त्रीच्या रूपाने उघडी राहिली होती, आणि त्याच देवीचे शस्त्र एका सामान्य मुलीच्या हाती येते. असुरांनी तिला गणतीत धरलेले नाही, हे कथेचे मूळ सूत्र शुद्ध पौराणिक आहे.

परंतु खेळाच्या कृतीत हे सूत्र उतरलेले नाही. वाटेवरील भित्तिचित्रांपाशी राजी थांबते, तेव्हा देवांच्या पुराणकथा ऐकू येतात. चक्राकार आकृत्या जुळविण्याची कोडीही आहेत. लढतींत मात्र भर आहे तो भिंतीवरून धावण्यावर, उडी मारून वार करण्यावर आणि शस्त्रांच्या आलटून-पालटून प्रयोगावर. कूट एकीकडे राहिले आणि युद्ध दुसरीकडे. भिंतीवर वराची कथा आहे. रणांगणात चपळाईची परीक्षा आहे. ती परीक्षाही 'सोल्स' परंपरेइतकी प्रदीर्घ नाही, कारण खेळ काही तासांतच पुरा होतो. परिणामी ना कूटकाठिण्य पूर्णत्वास जाते, ना अभ्यासकाठिण्य.

शेवटाविषयीच्या तक्रारीचे मूळ येथे आहे. महाबलासुराशी गाठ पडल्यावर कथा लवकरच थांबते आणि पुढील वृत्तांत खुला राहतो. खुला शेवट हा स्वतः दोष नव्हे. 'डार्क सोल्स'चा शेवटही पुष्कळ गोष्टी सांगत नाही. तेथे मौन खपते, कारण खेळणाऱ्याने प्रश्न स्वतःच्या श्रमांतून कमावलेला असतो. 'राजी'मध्ये प्रश्न कथेने विचारला, श्रमांनी विचारला नाही. म्हणून उत्तराचा अभाव बोचतो.

हा दोष दाखविताना परिस्थितीचे भान ठेवणे न्यायाचे ठरेल. २०१७ मध्ये या संस्थेने लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा केलेला प्रयत्न सफल झाला नव्हता. या धाटणीच्या मोठ्या खेळांची परंपरा भारतात नसताना, लहान संघाने तीन वर्षांत हा प्रकल्प तडीस नेला. ज्या जपानी कंपनीशी येथे तुलना केली, तिला 'किंग्ज फील्ड'पासून 'डार्क सोल्स'पर्यंत पोहोचण्यास सतरा वर्षे लागली होती.

७. उपसंहार

'सेकिरो'च्या प्रसिद्धीनंतर २०१९ मध्ये एक वाद जगभर झाला. अशा खेळांत सोपा पर्याय असावा की नसावा? काठिण्य हाच कृतीचा अर्थ असल्याने ते कमी करणे म्हणजे कृती बदलणे, असे एका पक्षाचे म्हणणे. ज्यांच्या बोटांना वेग नाही, ज्यांना शारीरिक व्यंग आहे, त्यांना कलाकृतीचे दार बंद करण्याचा अधिकार कोणाला, असा दुसऱ्या पक्षाचा प्रश्न. दोन्ही पक्षांनी काठिण्य म्हणजे अभ्यासकाठिण्यच असे गृहीत धरले होते.

पुराणकथांचा तौलनिक विचार येथे उपयोगी पडतो. हिरण्यकशिपूचा वध सोपा नव्हता. तरी त्याचे काठिण्य वेगाचे नव्हते. नियम समजून घेणे, त्याच्या शब्दांत राहून त्याच्यापलीकडे जाणे, हे त्याचे स्वरूप होते. मंद हातांच्या माणसालाही ते खुले आहे, आणि त्यात सवलतीचा भाव नाही. रक्तबीजासमोर अधिक जोराने प्रहार करणारा हरतो आणि थांबून विचार करणारा जिंकतो. असा बॉस उभा करता आला, तर काठिण्य राखूनही दार उघडे ठेवता येईल.

'राजी'ने असुर पुराणातून घेतला आणि त्याच्याशी लढण्याची रीत अन्यत्रून घेतली. तिच्या भित्तिचित्रांत जी सामग्री केवळ ऐकण्यापुरती राहिली, तीच लढतीचा नियम बनली असती तर शेवटही बदलला असता. कारण कूट सोडविणाऱ्याला उत्तर कळलेले असते आणि त्याची कथा अर्ध्यात तुटत नाही. पुण्यात किंवा अन्यत्र पुढे होणाऱ्या अशा प्रयत्नांचे मूल्यमापन करताना चित्रांचे सौंदर्य आणि लढतींची संख्या यांबरोबरच एक प्रश्न विचारला जावा : या खेळाने कोणत्या जातीचे श्रम मागितले, आणि त्या श्रमांची फलश्रुती कोणती?